मेलच्या सब्जेक्टमध्ये माझाच पासवर्ड

रात्री साडेअकराला झोपायच्या आधी सवयीनं मेल उघडले आणि सगळ्यात वरच्या मेलच्या सब्जेक्टमध्ये माझा पासवर्ड. म्हणजे अक्षरशः. पहिलं अक्षर कॅपिटल, शेवटी दोन आकडे, जसा मी बारा-तेरा वर्षं टाइप करत आले तस्साच. आत लिहिलेलं की हा तुझा पासवर्ड आहे, मी तुझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरलोय, कॅमेऱ्यातून तुझं रेकॉर्डिंग केलंय, दोन दिवसांत बिटकॉइन पाठव, नाहीतर तुझ्या सगळ्या कॉन्टॅक्ट्सना व्हिडिओ जाणार.

खोटं कशाला बोलू, हातपाय गार पडले. मी लॅपटॉप खाडकन बंद केला आणि वर उशी ठेवली, जणू काही उशीखाली तो हॅकर गुदमरूनच मरणार होता.

मग धाकट्या भावाला फोन लावला, तो याच क्षेत्रात काम करतो आणि रात्री जागा असतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, झोप. हा मेल तुला एकटीला नाही आलेला, असे एका दमात लाखो लोकांना जातात. त्याच्याकडे व्हिडिओबिडिओ काही नाहीये. पासवर्ड मात्र खरा आहे ना?"

म्हटलं हो.

"मग भीती त्याची वाटू दे. कुठं कुठं वापरलायस तो?"

आणि इथं माझी दातखीळ बसली, कारण खरं उत्तर होतं, सगळीकडे.

आता तो पासवर्ड जगजाहीर झालाच आहे तर त्याची जन्मकथा सांगते. आमच्याकडे लहानपणी टिप्या नावाचा कुत्रा होता. कॉलेजात पहिलं ईमेल अकाउंट काढलं तेव्हा समोर पासवर्डची रिकामी चौकट आली आणि डोक्यात टिप्या आला, झालं. पुढे कुठल्यातरी साइटनं सांगितलं आकडा पाहिजे, मग टिप्याच्या मागे जन्मसालाचे दोन आकडे लागले. मग कुणीतरी कॅपिटल मागितलं, टिप्याचा टी मोठा झाला. मग स्पेशल कॅरेक्टर मागितलं, टिप्याला उद्गारचिन्ह मिळालं. ऑफिसात दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावायचे, तिथं मी शेवटचा आकडा एकानं वाढवायचे, नोकरी सोडली तेव्हा टिप्या सतरावर पोचला होता. आणि स्वतःला फार शहाणी समजून मी मध्येच एक फॉर्म्युला काढला होता, ज्या साइटवर जायचं तिच्या नावाची पहिली दोन अक्षरं टिप्याच्या पुढे लावायची, म्हणजे प्रत्येक ठिकाणी पासवर्ड 'वेगळा'. भावाला हे मोठ्या अभिमानानं सांगितलं तर तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं फोन कट झाला.

मला इतकी वर्षं वाटायचं की पासवर्ड फोडणं म्हणजे कुणीतरी अंधाऱ्या खोलीत बसून माझ्याबद्दल विचार करतंय, हिच्या कुत्र्याचं नाव काय असेल बरं, आणि एकेक शब्द टाकून बघतंय. तसं काही नसतं, आपल्यात कुणाला एवढा इंटरेस्ट नसतो. पासवर्ड जातात ते बहुतेक वेळा घाऊक भावात जातात, साइटच्याच कोठारातून. आणि हे काही नवीन नाही, पासवर्डच्या जन्मापासूनचंच आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात एकच मोठा कॉम्प्युटर बरेच जण वाटून वापरायचे, प्रत्येकाला ठरावीक वेळ, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाला तो वेळ पुरेना, तर त्यानं सरळ सगळ्यांच्या पासवर्डची फाइल प्रिंट करायला लावली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम करत बसला. संपला विषय. कुणाच्या कुत्र्याचं नाव ओळखायची गरजच पडली नाही.

२००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीच्या डेटाबेसमधून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर आले, तेही जसेच्या तसे, कारण कंपनीनं ते साध्या अक्षरांत साठवले होते. त्यात सगळ्यात लाडका कोण तर १२३४५६, जवळपास २ लाख ९० हजार लोकांचा. ती यादी आजही पासवर्ड फोडणाऱ्यांची बाराखडी आहे. म्हणजे फोडणारे नुसती डिक्शनरी घेऊन बसत नाहीत, खऱ्या माणसांनी खरोखर ठेवलेले पासवर्ड घेऊन बसतात. 'ए' च्या जागी ॲट, 'ओ' च्या जागी शून्य, 'एस' च्या जागी डॉलर, शेवटी उद्गारचिन्ह, या आपल्या सगळ्या युक्त्या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच घालून ठेवलेल्या असतात. आपण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला की तो कुणाला कळणार नाही हाही एक गोड गैरसमज, तुमच्याआधी हजारोंनी तेच केलेलं असतं आणि त्यांचे पासवर्ड कधीचे याद्यांत जाऊन बसलेत.

बऱ्यापैकी शहाणी साइट पासवर्ड साठवतच नाही, त्याचा हॅश साठवते. भावानं हे मला अंगठ्याच्या ठशावरून समजावलं. ठशावरून माणूस उभा करता येत नाही, पण माणूस समोर आला तर ठसा जुळतो का ते बघता येतं. आपण लॉगिन करतो तेव्हा साइट आपल्या पासवर्डचा नव्यानं ठसा काढते आणि आधीच्या ठशाशी ताडून बघते. चोरानं ठसे पळवले तरी त्याला उलटं जाता येत नाही. पण तो काय करतो, अब्जावधी शब्दांचे ठसे स्वतः काढतो आणि जुळतायत का बघत बसतो. म्हणून नीट काम करणारे प्रत्येक पासवर्डमध्ये आधी एक वेगळी यादृच्छिक अक्षरमाळ मिसळतात, तिला सॉल्ट म्हणतात, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी ठसे वेगळे येतात. शिवाय बीक्रिप्टसारखी पद्धत वापरतात, जी मुद्दाम हळू केलेली आहे, एक ठसा काढायला वेळ खाते. लिंक्डइनचे ठसे २०१२ मध्ये चोरीला गेले तेव्हा त्यात सॉल्ट नव्हतं. आधी वाटलं ६५ लाख गेले, २०१६ मध्ये तोच माल विकायला आला तेव्हा कळलं की ११ कोटी ७० लाखांच्या घरात आहेत.

आणि कुठली साइट शहाणी आणि कुठली नाही हे आपल्याला बाहेरून कळत नाही. माझा टिप्या गेला तो एका बारक्या फोटो शेअरिंगच्या साइटवरून, जी मी कॉलेजनंतर उघडलीही नव्हती.

त्यानंतर काय होतं ते मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळलं. चोर ईमेल आणि पासवर्डची जोडी घेतो आणि प्रोग्रॅम लावून ती जोडी दुसऱ्या शेकडो साइट्सवर आपोआप टाकून बघतो, याला क्रेडेन्शियल स्टफिंग म्हणतात. तोडफोड वगैरे काही नाही, सापडलेली किल्ली गल्लीतल्या प्रत्येक दाराला लावून बघायची. फाइली ऑनलाइन ठेवायची सोय देणाऱ्या ड्रॉपबॉक्सच्या एका कर्मचाऱ्यानं दुसरीकडे वापरलेलाच पासवर्ड कामाच्या अकाउंटलाही ठेवला होता, त्यातून २०१२ मध्ये चोर आत शिरले आणि सुमारे ६ कोटी ८० लाख अकाउंट्सची माहिती गेली. म्हणजे तुमचा पासवर्ड वीस अक्षरी असू दे, त्यात चिन्हांची नक्षी असू दे, तो दोन ठिकाणी असला की त्या दोनातल्या गचाळ साइटइतकाच तो मजबूत. मी इतकी वर्षं 'स्ट्राँग' च्या हिरव्या पट्टीकडे बघून खूश होत होते, ती पट्टी हे कधीच सांगत नाही. आणि माझा तो पहिल्या दोन अक्षरांचा फॉर्म्युला, तो एक पासवर्ड बघितला की कुठल्याही माणसाला कळणार. प्रोग्रॅमला तर कळतोच.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, भाऊ आला. पहिल्यांदा हॅव आय बीन पोन्ड ही साइट उघडली, ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसानं २०१३ मध्ये सुरू केलेली. आपला ईमेल टाकला की तो कुठल्या कुठल्या गळतीत सापडलाय ते दाखवते. माझा सहा ठिकाणी. तिथं पासवर्डही तपासता येतो, मी म्हटलं वा, म्हणजे आता यालाही पासवर्ड सांगायचा? तर तसं नाहीये, आपला ब्राउझर पासवर्डचा ठसा काढतो, त्यातली फक्त पहिली पाच अक्षरं साइटला पाठवतो, साइट त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या ठशांच्या शेपट्या परत पाठवते, आणि आपला ठसा त्यात आहे का ते आपल्याच मशीनवर बघितलं जातं. मला ही गोष्ट इतकी आवडली की मी ती दोनदा समजावून घेतली. टिप्या अर्थातच सापडला. आणि एकदा नाही, एकशे बारा वेळा! म्हणजे जगात अजून टिप्ये आहेत.

मग मी भावावर ठेवणीतला राग काढला, की मग ते कॅपिटल, आकडा, चिन्ह, तीन महिने, हे सगळं कशासाठी करायला लावलं आम्हाला? तर त्याचीही गंमत आहे. २००३ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत बिल बर नावाच्या माणसानं एक मार्गदर्शिका लिहिली, त्यात या गोष्टी होत्या, आणि मग जगभरच्या ऑफिसांनी ती उचलली. २०१७ मध्ये ते रिटायर झालेले गृहस्थ स्वतः म्हणाले की जे केलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पस्तावा होतो. त्याच वर्षी एनआयएसटीनं नियम फिरवले, ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती करू नका, लांब पासवर्ड घेऊ द्या, आणि नवा पासवर्ड गळलेल्या यादीत आहे का तेवढं तपासा. म्हणजे माणसाला त्रास दिला की माणूस टिप्या सतरा करतो हे त्यांनाही कळलं. कितीतरी साइट्सना मात्र हे अजून कळायचंय, त्या अजून 'किमान एक चिन्ह' म्हणून अडून बसतात आणि वर 'बारापेक्षा जास्त अक्षरं चालणार नाहीत' असंही सांगतात, इथं मला खरंच चिडायला होतं.

लांबीचं गणित भावानं कागदावर मांडून दाखवलं. जन्मतारीख आठ आकडी, म्हणजे वरवर बघता १० कोटी शक्यता, पण शंभर वर्षांत तारखा असतात साधारण ३६ हजार ५००, बस. आठ छोटी इंग्रजी अक्षरं, कशीही, तर साधारण २१ हजार कोटी शक्यता, ऐकायला भरपूर वाटतं, पण साइटनं जुन्या, झटपट पद्धतीचे ठसे ठेवले असतील तर गेम खेळायचं एखादं तगडं ग्राफिक्स कार्ड ते काही सेकंदांत उरकतं. त्यात चार अक्षरं वाढवली की शक्यता साडेचार लाख पटींनी वाढतात. चिन्हं कोंबून जे मिळत नाही ते लांबीनं मिळतं. फक्त अट एकच, निवड आपण करायची नाही, कारण आपण निवडलं की टिप्या येतो. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या केन थॉम्पसनचा जुना पासवर्ड २०१९ मध्ये लोकांनी फोडला, चार दिवसांहून जास्त मशीन चालवून, आणि निघालं काय तर बुद्धिबळातली एक अगदी सुरुवातीची चाल, म्हणजे एवढा मोठा माणूससुद्धा आपल्या आवडीचंच काहीतरी लिहून गेला.

म्हणून फासा. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये डाइसवेअर नावाची पद्धत काढली, फासा पाच वेळा टाकायचा, पाच आकडे आले की ७७७६ शब्दांच्या यादीतला त्या आकड्यांचा शब्द घ्यायचा, असे सहा शब्द. यादी इंग्रजी, मला त्यातले निम्मे शब्द लक्षात राहीनात. मग आम्ही घरातला जाडजूड मराठी शब्दकोश काढला आणि लुडोचा फासा. चार वेळा टाकून पान ठरवायचं, दोन वेळा टाकून त्या पानावरचा कितवा शब्द ते, पान कोशाबाहेर गेलं किंवा पानावर तेवढे शब्दच नसले की पुन्हा पहिल्यापासून. पाच शब्दांसाठी फासा तीस वेळा मोजला गेला, शक्यता जास्तीत जास्त चोवीस आकडी. आलेले शब्द सांगणार नाही, पण त्यातला एक असा होता की मी म्हटलं शी, हा नको, दुसरा घेऊ. भाऊ म्हणाला, नाही, आवडनिवड सुरू केलीस की संपलं. ठेवला बाई. आता रोज सकाळी टाइप करते.

खरी गोची वेगळीच झाली. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे तर स्पेलिंग कुठलं? पहिल्याच संध्याकाळी मी स्वतःच्या पासवर्डसमोर बाहेर उभी. समजा 'अडसर' लिहायचं तर डी नंतर ए आहे की नाही? 'ळ' ला एकच एल लिहिला की दोन? मोठ्या आकाराला डबल ए केला होता की नाही? शाळेत ऱ्हस्व-दीर्घावरून इतके मार्क गेले माझे आणि आता परत तेच. शेवटी नियमच ठरवला, कानामात्रा जसा उच्चार तसा, दीर्घ असेल तिथं स्वर डबल, मधला न उच्चारलेला 'अ' लिहायचा नाही. आणि आठवडाभर तो कागद पाकिटात ठेवला, मग बोटांत बसल्यावर फाडला.

हा पाच शब्दांचा पासवर्ड फक्त पासवर्ड मॅनेजरचा, म्हणजे बाकीचे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत सांभाळणाऱ्या ॲपचा. बाकी सगळे पासवर्ड मॅनेजर बनवतो, वीस अक्षरी, मला माहीतही नाहीत आणि माहीत करून घ्यायचेही नाहीत. मला आधी धाकधूक होतीच की सगळी अंडी एकाच टोपलीत कशाला, आणि ती अगदीच खोटी नाहीये. २०२२ मध्ये लास्टपास या मॅनेजर कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. तिजोऱ्यांतले पासवर्ड एन्क्रिप्टेड होते, म्हणजे मुख्य पासवर्डशिवाय वाचता न येणारे, पण ज्यांचा मुख्य पासवर्ड लेचापेचा होता त्यांची तिजोरी चोर आपल्या घरी बसून निवांत फोडत बसू शकतात. म्हणूनच मुख्य पासवर्ड टिप्या नको, तीस फाशांचा पाहिजे.

मॅनेजरचा एक फायदा मला अनपेक्षितपणे कळला. एकदा मेलमधून आलेल्या लिंकवर गेले, पान हुबेहूब माझ्या नेहमीच्या साइटसारखं, पण मॅनेजर पासवर्ड भरेचना. मी वैतागून हातानं कॉपी करणार होते, तेवढ्यात वर पत्ता बघितला तर नावात एक अक्षर जास्त. माझ्या डोळ्यांना जे दिसलं नाही ते त्याला दिसलं, कारण तो चेहरा बघतच नाही, फक्त पत्ता जुळवतो.

बाबांचा विषय निघाला तिथं मात्र माझा पराभव झाला. बाबा पासवर्ड वहीत लिहितात. मी वर्षानुवर्षं त्यांच्यावर डाफरत आले, "बाबा, असं कुणी लिहून ठेवतं का?" भावानं वही बघितली आणि म्हणाला, "वहीला काय झालंय? जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही." बाबांनी माझ्याकडे असं काही बघितलं की विचारू नका. वही छानच आहे हो, शून्याला पोटातून रेघ म्हणजे ओ शी गफलत नको, कॅपिटल अक्षराखाली रेष, बदललेला पासवर्ड खोडून बाजूला तारीख. फक्त आतले सगळे पासवर्ड आईचं नाव अधिक साल असे होते. वही तीच ठेवली, पासवर्ड नवे केले, दुपारभर बसून. ऑफिसच्या मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी ही वेगळी गोष्ट, ती सगळ्यांना दिसते.

बदलायला सुरुवात ईमेलपासून केली, आणि हे मी सगळ्यांना सांगत सुटलेय. 'पासवर्ड विसरलात?' वर क्लिक केलं की प्रत्येक साइट मेल पाठवते, म्हणजे ज्याच्या हातात तुमचा मेल त्याच्या हातात सगळं. तिथंच ते सिक्युरिटी प्रश्नही असतात, आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा. २००८ मध्ये अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहू अकाउंट एका कॉलेजच्या मुलानं असंच उघडलं होतं, जन्मतारीख, पिनकोड, आणि नवऱ्याची भेट कुठं झाली, सगळी उत्तरं इंटरनेटवर पडलेली. त्यामुळे मी आता त्या प्रश्नांना धडधडीत खोटी उत्तरं देते आणि ती मॅनेजरमध्ये लिहून ठेवते. माझ्या आईचं माहेरचं आडनाव एका साइटवर सतरा अक्षरी आहे आणि त्यात दोन टक्केवारीची चिन्हं आहेत, आईला सांगितलं तर ती म्हणाली बघ बाई, मामाला विचारून घे.

टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणारी सोय, ती पण लावली, ईमेलला आणि पैशांच्या ठिकाणी आधी. एसएमएसवर कोड येतो ते काहीच नसण्यापेक्षा बरं, पण सिमच दुसऱ्याच्या नावावर वळवून घ्यायचे प्रकार होतात, त्यामुळे ऑथेंटिकेटर ॲप बरं, दर तीस सेकंदांनी नवा सहा आकडी कोड. बॅकअप कोड मात्र नक्की उतरवून घ्या, मी नव्हते घेतले, फोन बदलला आणि दोन दिवस स्वतःच्या अकाउंटबाहेर होते. जिथं पासकी मिळते तिथं पासकी करून टाकली, त्यात टाइप करायला आणि चोरायला पासवर्डच नसतो, गुप्त किल्ली आपल्याकडेच राहते आणि साइटकडे नुसतं कुलूप. कोड कुणालाही फोनवर सांगायचा नाही, हे बाबांच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलंय.

एकूण १४३ अकाउंट्स निघाली. त्यातली साठेक सरळ डिलीट केली, कशाला काढली होती तेही आठवेना. बाकीची तीन रविवार लावून बदलली. एक राहिलं. तीच ती फोटो शेअरिंगची साइट, जिथून हे सगळं सुरू झालं. लॉगिन होतं, पण पासवर्ड बदलायचा किंवा अकाउंट बंद करायचं तर ते कन्फर्मेशन पाठवतात माझ्या कॉलेजच्या ईमेलवर, आणि तो ईमेल कॉलेजनं कधीच बंद केलाय. त्यांना तीनदा लिहिलं, उत्तर नाही. आत एकच अल्बम होता, टिप्याचे अकरा फोटो, एकात तो माझ्या चपलेवर झोपलाय. फोटो उतरवून घेतले. अकाउंट आहे तसंच आहे, आणि त्याचा पासवर्डही अजून तोच.